औषध केव्हा सोडावे?

कंबोडियाच्या पश्चिम सरहद्दीवर, थायलंडच्या हद्दीला खेटून, पायलिन नावाचे एक लहानसे शहर आहे. भोवती डोंगर, डोंगरांवर अरण्य आणि अरण्याखालच्या मातीत माणिक व नीलम यांचे खडे. एवढ्या भांडवलावर या शहराने दूरदूरचे खाणकामगार, व्यापारी आणि नशीब काढावयास निघालेले फिरस्ते आपल्याकडे ओढले, पुढे ते ख्मेर रूज या बंडखोरांचे ठाणे झाले, आणि त्याची जगाला ओळख राहिली असती तर ती एवढीच. परंतु हिवतापाच्या इतिहासात पायलिनला जे स्थान प्राप्त झाले आहे ते मोठमोठ्या राजधान्यांनाही लाभलेले नाही. गेल्या सहा-सात दशकांत या रोगावरची जी जी प्रमुख औषधे निकामी ठरली, त्यांतील बहुतेकांच्या ऱ्हासाचे पहिलेवहिले दाखले याच सरहद्दीच्या मुलखात नोंदले गेले: १९५० च्या दशकाच्या अखेरीस क्लोरोक्विन, त्यानंतर सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनची जोडगोळी, मग मेफ्लोक्विन, आणि शेवटी, एकविसाव्या शतकात, आर्टेमिसिनिन.

हे पायलिनमध्येच का घडावे, हा प्रश्न शास्त्रज्ञांना दीर्घकाळ छळीत आला आहे, आणि त्याचे उत्तर प्रथमदर्शनी उलटे भासणारे आहे. सर्वांत अधिक हिवताप आफ्रिकेत, म्हणून औषधाला दाद न देणारे जंतूही आधी आफ्रिकेतच निपजावेत, असे सामान्य बुद्धी सांगते. पण आफ्रिकेतल्या ज्या खेड्यात माणसाला वर्षातून कित्येक वेळा जंतूंची बाधा होते, तेथे मोठेपणी शरीर त्यांना सरावते. रक्तात जंतू असूनही ताप येत नाही, ताप नाही म्हणून कोणी औषध घेत नाही, आणि औषधाच्या वाऱ्यालाही उभे न राहिलेले असे असंख्य साधे जंतू डासांमार्फत पसरत राहून एखाद्या चुकार हट्टी जंतूला वरचढ होऊ देत नाहीत. पायलिनच्या खाणींवर आलेल्या उपऱ्या मजुराला अशी सवय नव्हती. डास चावला की ताप, ताप आला की गोळी. म्हणजे जवळजवळ प्रत्येक जंतूची औषधाशी गाठ पडणार, आणि जो त्यातून तगेल त्याला प्रतिस्पर्धीच उरणार नाही.

त्यात भर पडली ती सरकारी औदार्याची. जागतिक आरोग्य संघटनेने १९५५ साली हिवतापाच्या समूळ उच्चाटनाची मोहीम पुकारली त्या उत्साहाच्या काळात, ब्राझीलच्या मारिओ पिनोटी या वैद्यकाधिकाऱ्याची एक कल्पना पुष्कळांना मोहवून गेली: दुर्गम अरण्यात राहणारा माणूस दवाखान्यात येत नाही, परंतु मीठ तर खातो, मग मिठातच औषध मिसळून द्यावे. १९६० च्या आसपास पायलिनमध्ये असे औषधी मीठ वाटण्यात आले. कोणी किती मीठ खाल्ले, कोणाच्या रक्तात किती औषध उतरले, याचा हिशेब ठेवणे अशक्यच होते. परिणामी हजारो माणसांच्या रक्तात औषध सदैव थोडे थोडे खेळत राहिले. जंतू मरण्याइतके पुरेसे नव्हे, पण दुबळ्या जंतूंना बाजूला सारून बळकटांची निवड करण्याइतके मात्र पुरेसे. इतक्या सद्हेतूने इतके अनिष्ट कार्य क्वचितच कोणी केले असेल.

येथे क्लोरोक्विनची थोडी ओळख करून द्यावयास हवी. त्यापूर्वी शेकडो वर्षे या रोगावर उपाय एकच, तो म्हणजे सिंकोना वृक्षाच्या सालीतून निघणारे क्विनाईन. आपल्याकडच्या जुन्या पिढीचे कोयनेल, ज्याच्या पुड्या इंग्रजी अमलात टपालकचेऱ्यांतूनही विकत मिळत. जीभ कडू करणारे, कानांत गुणगुण लावणारे असे ते औषध होते, आणि कदाचित म्हणूनच ते इतकी वर्षे टिकले असावे, कारण कोयनेल कोणी हौसेने खात नाही. क्लोरोक्विनचे तसे नव्हते. १९३४ साली जर्मनीत हान्स आंडरझाग या रसायनशास्त्रज्ञाने ते बनविले, आरंभी ते विषारी ठरवून बाजूला ठेवले गेले, आणि महायुद्धाच्या धामधुमीत त्याचा पुन्हा शोध लागल्यावर असे दिसून आले की इतके स्वस्त, इतके सुसह्य आणि इतके खात्रीचे औषध हिवतापावर आजवर मिळालेच नव्हते. तीन दिवसांच्या गोळ्या, आणि ताप गेला. मुलाला, गर्भिणीला, म्हाताऱ्याला, कोणालाही द्यावे.

हे औषध काम कसे करते हे समजले म्हणजे ते हरते कसे हेही उमगते. हिवतापाचा जंतू तांबड्या रक्तपेशीत शिरून तिच्यातील हिमोग्लोबिन खातो. त्यातून लोहयुक्त असा एक विषारी अंश मागे उरतो, आणि जंतू त्याचे निरुपद्रवी स्फटिक बनवून स्वतःचा बचाव करतो. क्लोरोक्विन जंतूच्या पचनकोशात साठून हे स्फटिक बनण्याच्या आड येते, आणि जंतू स्वतःच्याच उष्ट्याच्या विषाने मरतो. पण त्या कोशाच्या आवरणातील एका प्रथिनात विशिष्ट बदल झाला, तर ते प्रथिन आत आलेले औषध बाहेर लोटू लागते. ज्या जनुकात हा बदल होतो ते २००० साली ओळखले गेले. असा बदल औषध घडवून आणीत नाही, हे येथे नीट ध्यानात घेतले पाहिजे. आजाऱ्याच्या रक्तातील अब्जावधी जंतूंत तो निव्वळ योगायोगाने कोठेतरी होतो, आणि औषधाचे कार्य इतकेच की इतर सर्वांना मारून ते त्या एकाला मैदान मोकळे करून देते. अर्धवट मात्रा, मध्येच सोडलेला उपचार, बनावट गोळी, यांनी त्या एकाचे काम सुकर होते.

क्लोरोक्विनच्या बाबतीत असा योग जगात मोजक्याच ठिकाणी आला: आग्नेय आशियात, दक्षिण अमेरिकेत, न्यू गिनीच्या बाजूस. उरलेल्या जगाला त्या मोजक्या पूर्वजांची संततीच पुरली. आग्नेय आशियातला वंश पश्चिमेकडे सरकत आला; भारतात त्याची पहिली नोंद १९७३ साली आसामात, आजच्या कार्बी आंगलाँग जिल्ह्यात झाली, आणि १९७८ च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत केनिया व टांझानिया येथे तो जाऊन पोहोचला. पुढील दहा वर्षांत त्याने आफ्रिका खंड आडवा ओलांडला. जनुकांची वंशावळ ताडून पाहणाऱ्यांनी पुढे सिद्ध केले की आफ्रिकेतील हट्टी जंतू तेथल्या मातीत उपजलेले नसून आशियातून आलेल्या पाहुण्यांचेच वंशज होते. सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनच्या बाबतीतही बहुतांशी हाच प्रवास झाला. ज्यांना सरहद्दीवर जकात नाही, परवाना नाही, असे हे प्रवासी कामगारांच्या, शिपायांच्या आणि निर्वासितांच्या रक्तातून गेले.

आता खरा प्रश्न येतो तो कारभाराचा. औषध निकामी होऊ लागले हे सरकारला कळते कसे, आणि कळल्यावर ते काय करते? हिवतापाच्या औषधाचे अपयश सहसा धडधडीत नसते. गोळ्या घेतल्या की ताप उतरतो, मूल खेळू लागते, आई समाधान पावते. रक्तात उरलेले थोडे जंतू मात्र वाढत जाऊन दोन-तीन आठवड्यांनी ताप पुन्हा डोके वर काढतो, आणि तो नवा ताप समजून पुन्हा तेच औषध दिले जाते. फेऱ्यामागून फेरा, रक्त पातळ होत जाते, आणि एखाद्या पावसाळ्यात ते मूल दगावते. म्हणून औषधाची खरी परीक्षा करावयाची तर रुग्णाला किमान २८ दिवस, काही औषधांच्या बाबतीत ४२ दिवस, पुनःपुन्हा बोलावून त्याचे रक्त तपासावे लागते. पूर्वीचा शिरस्ता असा होता की शंभरांपैकी पंचवीस रुग्णांत औषध फसू लागले म्हणजे धोरण बदलावे. आता जागतिक आरोग्य संघटनेने ही मर्यादा दहावर आणली आहे. जुन्या मर्यादेचा अर्थ उघड होता: चौघांतील एका आजाऱ्याला निरुपयोगी गोळी देत राहणे हे सरकारदरबारी क्षम्य मानले जात होते.

आणि व्यवहारात ती मर्यादाही पाळली गेली नाही. १९९० च्या दशकात सेनेगालमध्ये ज्या वस्त्यांतील जन्ममृत्यूंची नोंद काटेकोरपणे ठेवली जात होती, तेथे क्लोरोक्विन फसू लागल्यापासून हिवतापाने मरणाऱ्या बालकांचे प्रमाण किमान दुपटीने वाढल्याचे आढळले. तरीही आफ्रिकेतील बहुतेक देशांनी ते औषध सोडले नाही. याला नुसता आळस म्हणणे अन्यायाचे होईल. क्लोरोक्विनचा पूर्ण उपचार डॉलरच्या दहाव्या हिश्शात होत असे. त्याच्या जागी जे नवे औषध घ्यावयाचे ते प्रौढ माणसाला दोन डॉलरांच्या घरात पडे. ज्या देशाच्या आरोग्यखात्याला वर्षभरात दरडोई चार-दोन डॉलर खर्चणे जड जाते, त्या देशाच्या मंत्र्याने हा फरक कोणत्या खजिन्यातून भरून काढावा? शिवाय नवे धोरण म्हणजे नवी खरेदी, नवे प्रशिक्षण, खेड्यापाड्यांतील प्रत्येक दुकानदाराची नवी समजूत. जुन्या धोरणाला यांपैकी काहीच लागत नाही, आणि त्यापायी मरणारी मुले एका जागी, एका दिवशी मरत नसल्यामुळे कोणत्याही एका कागदावर येत नाहीत.

मदत देणाऱ्यांची गत याहून बरी नव्हती. जानेवारी २००४ मध्ये काही शास्त्रज्ञांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जागतिक आरोग्य संघटना आणि ग्लोबल फंड यांच्यावर उघड आरोप केला की जेथे क्लोरोक्विन व त्याचे उत्तराधिकारी औषध यांची निरुपयोगिता सर्वश्रुत आहे, अशा देशांनाही ते विकत घेण्यासाठी या संस्था पैसा मंजूर करीत आहेत, आणि हे वैद्यकीय अपराधाहून वेगळे नाही. शब्द कडक होते. वाद पेटला, खुलासे झाले; परंतु पुढील काही महिन्यांत मंजुऱ्यांचा रोख बदलला हेही खरे. त्याच वर्षी अमेरिकेत नोबेल-विजेते अर्थशास्त्रज्ञ केनेथ अॅरो यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आपला अहवाल दिला. हिवतापाच्या समितीवर अर्थशास्त्रज्ञ कशाला, असे कोणास वाटेल. पण तोच त्या अहवालाचा मर्मभाग होता. औषधाची मारक शक्ती ही गावच्या गायरानासारखी आहे: प्रत्येकाने आपले जनावर सोडावे, गवत कोणाच्याच मालकीचे नसावे, आणि ते खुरटले म्हणजे सर्वांनी एकमेकांकडे बोट दाखवावे. आजारी मुलाच्या बापाला स्वस्त गोळी घेण्यापासून कोणी परावृत्त करू शकत नाही, म्हणून चांगली गोळीच स्वस्त करावी, आणि तिच्या किमतीतील फरक श्रीमंत राष्ट्रांनी एकत्र येऊन वरच्या वर भरावा, अशी समितीची तजवीज होती. मला ती आजही या विषयावरील सर्वांत शहाणी सूचना वाटते. काही वर्षांनी ती मर्यादित स्वरूपात काही देशांत अमलात आलीही, आणि नंतर मागे पडली.

चांगली गोळी म्हणजे कोणती, हे सांगावयाचे राहिले. व्हिएतनामच्या युद्धात जंगलातले सैनिक गोळ्यांपेक्षा हिवतापाने अधिक बेजार झाले, क्लोरोक्विन तेथे चालेना, तेव्हा २३ मे १९६७ रोजी चीनने एक गुप्त संशोधन हाती घेतले आणि त्या तारखेवरून त्याला ५२३ हा क्रमांक दिला. तू यूयू या विदुषीने चौथ्या शतकातील गे हाँग याच्या ग्रंथात एका वनस्पतीचा रस तापावर पिण्यास सांगितलेला पाहिला. ती वनस्पती उकळावी असे त्यात म्हटलेले नव्हते, यावरून उष्णतेने औषध नासत असावे असा तर्क करून तिने कमी तापमानात अर्क काढला, आणि १९७१ साली तो प्राण्यांतील हिवतापावर पूर्णपणे गुणकारी ठरला. हेच आर्टेमिसिनिन, २०१५ साली त्यासाठी तिला नोबेल पारितोषिक मिळाले. इतक्या वेगाने जंतूंचा संहार करणारे दुसरे औषध नाही, परंतु काही तासांतच ते शरीरातून निघून जाते. एकटे द्यावयाचे तर सात दिवस द्यावे लागते, आणि दुसऱ्या दिवशीच ताप गेलेला माणूस सात दिवस गोळ्या घेत नसतो. म्हणून त्याच्या जोडीला शरीरात दीर्घकाळ रेंगाळणारे दुसरे औषध द्यावे: पहिल्याने बहुतेक सर्व जंतू झटपट मारावेत, दुसऱ्याने उरलेल्या थोड्यांचा समाचार घ्यावा. दोन्ही औषधांना एकाच वेळी पुरून उरेल असा जंतू योगायोगाने निपजण्याचा संभव अत्यल्प, हा या जोडउपचाराचा पाया आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ पासून त्याचा पुरस्कार केला आणि २००६ मध्ये एकट्या आर्टेमिसिनिनच्या गोळ्या विकणे थांबवा असे औषध कंपन्यांना बजावले.

पण जोडीतला जोडीदार धडधाकट असला तरच हे गणित जमते, आणि याचा धडा आपल्या देशाने स्वतःच्या अनुभवाने घेतला. आपल्याकडे राष्ट्रीय हिवताप कार्यक्रमात तापाच्या प्रत्येक माणसाला, रक्ताचा अहवाल येण्यापूर्वीच, क्लोरोक्विनची एक ठोक मात्रा देण्याचा प्रघात वर्षानुवर्षे होता. अहवाल यावयास कधी कधी आठवडे लागत, आणि ती एक मात्रा रोग पूर्ण बरा करण्यास पुरेशी नसे. ईशान्येकडे क्लोरोक्विन ढासळले तसे तेथे सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन द्यावयास आरंभ झाला, तोही एकट्याने. पुढे आर्टेसुनेट या आर्टेमिसिनिनपासून बनविलेल्या औषधाच्या गोळ्यांना जोडीदार म्हणून याच औषधाची निवड झाली, आणि २०१० पासून फाल्सिपेरम या सर्वांत घातक जातीच्या जंतूने होणाऱ्या हिवतापाच्या देशातील प्रत्येक रुग्णाला ही जोडी देण्याचे धोरण ठरले. उर्वरित भारतात ते चालले. ईशान्येत मात्र जोडीदार आधीच गलितगात्र झालेला होता. उपचार फसू लागले, आणि २०१३ साली तेथील सात राज्यांसाठी आर्टेमिथर-ल्युमेफँट्रिन ही निराळी जोडी मुक्रर करावी लागली. यात एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे की हा निर्णय पाहणीचे आकडे हाती येताच, फारसा कालापव्यय न करता घेतला गेला. क्लोरोक्विनच्या वेळी १९७३ पासून २०१० पर्यंत जी मजल मारावी लागली, तिच्याशी हे ताडून पाहावे.

महाराष्ट्रात फाल्सिपेरमचे खरे माहेर गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात. भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यातील पाड्यावर आज आशा स्वयंसेविका बोटाच्या थेंबभर रक्ताने तत्काळ चाचणी करते, आणि फाल्सिपेरम निघाला तर वयानुसार रंग ठरलेले पाकीट उघडते: तान्ह्याला गुलाबी, लहानग्यांना पिवळे व हिरवे, मोठ्या मुलांना तांबडे, प्रौढाला पांढरे. अक्षरओळख नसलेल्या घरातही मात्रा चुकू नये म्हणून योजलेली ही युक्ती मला समित्यांच्या अनेक अहवालांपेक्षा मोलाची वाटते. व्हायवॅक्स या दुसऱ्या जातीचा जंतू निघाला तर क्लोरोक्विनच, कारण त्या जंतूवर ते आपल्याकडे अद्याप लागू पडते. त्याच्यासोबत यकृतात दडलेल्या जंतूंसाठी चौदा दिवस प्रायमाक्विन. हे चौदा दिवस किती जण पुरे करतात, हे प्रत्येक हिवताप कर्मचाऱ्याला ठाऊक आहे.

इकडे पायलिनमध्ये पुन्हा तेच घडत होते. २००८ व २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले की पश्चिम कंबोडियात आर्टेसुनेट दिल्यावर रक्तातून जंतू नाहीसे व्हावयास नेहमीपेक्षा खूपच अधिक वेळ लागत आहे. कारणे शोधू जाता जुनीच सापडली: एकट्या आर्टेमिसिनिनची वर्षानुवर्षे चाललेली दुकानदारी, आणि बाजारातील बनावट माल; २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आग्नेय आशियातील दुकानांतून विकत घेतलेल्या आर्टेसुनेटच्या नमुन्यांपैकी ३८ टक्के खोटे निघाले होते, त्यांत औषध नव्हतेच. या नव्या हट्टाला कारणीभूत असलेले केल्च-१३ हे जनुक काही वर्षांत हुडकले गेले. नंतर त्या भागात पिपेराक्विन हा जोडीदारही हरला, आणि दोहोंना पुरून उरलेला एक जंतुवंश कंबोडियातून शेजारच्या देशांत पसरला. या वेळी निदान पायलिनच्या भोवती बंदोबस्त झाला; खेडोपाडी कार्यकर्ते नेमले गेले, मच्छरदाण्या वाटल्या, पैसा आला, आणि कंबोडियातील फाल्सिपेरम पुष्कळच आटला.

आशियातून पाहुणे येऊ नयेत म्हणून सारे लक्ष त्या वाटेवर असता २०२० साली रवांडातून वृत्त आले की तेथील जंतूंत केल्च-१३ चा बदल आढळला आहे, आणि तो आशियातून आलेला नसून स्थानिक आहे. मागोमाग युगांडा व एरिट्रिया येथूनही निरनिराळ्या बदलांची वार्ता आली. आफ्रिकेत असे काही उपजणे कठीण, हे जे आरंभी सांगितले, त्याला हा अपवाद कसा घडला याविषयी मतभेद आहेत. एक संभवनीय कारण असे की या देशांनी मच्छरदाण्या, फवारणी आणि उपचार यांच्या बळावर हिवताप इतका कमी केला की तेथील परिस्थिती हळूहळू पायलिनसारखी होत गेली. तेथे आर्टेमिथर-ल्युमेफँट्रिनमधील ल्युमेफँट्रिन अद्याप तग धरून आहे म्हणून रुग्ण बरे होत आहेत. दोनांऐवजी तीन औषधे एकत्र द्यावीत, किंवा एकाच देशात निरनिराळ्या जोड्या पाळीपाळीने वापरून जंतूला एकाच शत्रूची सवय होऊ देऊ नये, असे उपाय सुचविले जात आहेत.

यापूर्वी एका देशाने जुने औषध वेळेवर सोडले होते. मलावी हा आफ्रिकेतील अत्यंत गरीब देशांपैकी एक. पण १९९३ साली, खंडातील इतर कोणत्याही देशाच्या आधी, त्याने क्लोरोक्विन आपल्या धोरणातून काढून टाकले, आणि ते केवळ कागदोपत्री नव्हे, तर खेड्यातील दुकानांतूनही बहुतांशी हद्दपार केले. औषधाचा धाक नाहीसा झाल्यावर हट्टी जंतूंना त्यांच्या हट्टाचे ओझेच झाले, कारण बदललेल्या प्रथिनासाठी जंतूलाही काही किंमत मोजावी लागते. साधे जंतू पुन्हा वरचढ ठरले. ब्लँटायर शहरात मुलांवर घेतलेल्या चाचणीचा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला तेव्हा क्लोरोक्विन ९९ टक्के उपचारांत यशस्वी ठरले होते, आणि त्याच्या जागी आलेले सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन अवघ्या २१ टक्क्यांत. ज्या शेजारी देशांत क्लोरोक्विन दुकानांत मिळतच राहिले, तेथे हा चमत्कार घडला नाही. एवढे होऊनही मलावीच्या आरोग्यखात्याने २००७ साली आर्टेमिथर-ल्युमेफँट्रिन या महागड्या जोडीची निवड केली, आणि जवळजवळ फुकट मिळणारी, पुन्हा धारदार झालेली क्लोरोक्विनची गोळी यादीबाहेरच ठेवली; ती एकट्याने परत आणली असती तर थोड्याच पावसाळ्यांत तिची पूर्वीचीच गत झाली असती, हे तेथील अधिकाऱ्यांना पुरते कळलेले होते.